स्लॅबला पागोळी नसते

तुमच्या घरातल्या एसीच्या पाण्याचा पाईप कोणत्या भिंतीतून बाहेर काढायचा, हे कुणी ठरवलं होतं?

मेकॅनिकनं, असं तुम्ही म्हणाल. मी मेकॅनिक आहे. बारामतीत आयटीआय केलं, इंदापुरात गाळा घेतला, आणि आता दोन्ही तालुक्यांत मोटारसायकलवर शिडी आडवी बांधून फिरतो. माझा अनुभव असा, की मेकॅनिक फक्त भोक पाडतो. पाणी कुठं सोडायचं हे घरमालकानं आधीच ठरवलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते अशा माणसाच्या बाजूला सोडलेलं असतं जो भांडायला येणार नाही. इंदापुरातल्या एका इमारतीत मी वरच्या मजल्याच्या साहेबांना म्हटलं, पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतंय. ते म्हणाले, "ते भाडेकरू आहेत." त्यांच्या लेखी हे उत्तर पूर्ण होतं.

ज्यांच्या घरी एसी नाही त्यांच्यासाठी आधी हे पाणी येतं कुठून ते सांगतो. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम येतो, तसा एसीच्या आतल्या गार जाळीला येतो. तो घाम खालच्या पन्हाळीसारख्या ट्रेमध्ये जमतो आणि तिथून बोटाएवढ्या जाड पाईपमधून बाहेर जातो. त्याला ढकलायला साध्या घरगुती एसीत पंप नसतो. तो फक्त उतारावर जातो. उतार चुकला किंवा पाईप तुंबला, की पाणी मागं फिरतं आणि घरात गळतं. गिऱ्हाईक फोन करतं, "एसी लीक झाला, गॅस गेला." नव्वद टक्के वेळा, म्हणजे जवळजवळ नेहमीच, गॅसचा काही संबंध नसतो. शेवाळ असतं, धूळ असते, नाहीतर पाईपच्या तोंडाशी कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं असतं.

बारामतीत एका बंगल्यात त्या माशीनं फार मोठं काम केलं होतं. हॉलमध्ये एसीच्या खाली घरातल्या गेलेल्या वडिलांचा हार घातलेला फोटो. एसीचं पाणी काचेच्या आत उतरलं आणि बरोबर डोळ्यांखालून ओघळ आले. दोन्ही भाऊ गेले काही महिने एकमेकांशी बोलत नव्हते, ते फोटोपुढं शेजारी शेजारी उभे होते. मी पाईप फुंकून मोकळा केला, मातीचा गोळा हातावर दाखवला. थोरल्या भावानं मला जिन्यात गाठलं.

"परत बंद करता येईल का?"

"कशाला?"

"वाटण्यांचं बोलणं चाललंय. वडील रडत्यात म्हणून धाकटा जरा नरमलाय. दोन दिवस राहू द्या की."

मी नाही म्हणालो. त्या दिवशी मला माझ्या नकाराचा अभिमान वाटला होता. खोटं काम करणार नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. तो अभिमान फार टिकला नाही, आणि मी लिहायला बसलोय ते त्याच कारणानं.

माझे वडील बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कामगार होते आणि युनियनची पत्रकं वाटायचे. आमच्या भाड्याच्या खोलीत पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं जोडायला शिकलो ती त्यांवर. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता येत होते. अन्याय दिसला की बोलायचं, गप्प बसणारा अन्याय करणाऱ्याच्याच बाजूचा, हे माझ्यात इतकं मुरलं होतं की ते शिकवण वाटतच नव्हतं. पण त्या पत्रकांत एक उणीव होती. त्यांत शत्रू कायम लांब असायचा. मालक, ठेकेदार, सरकार. तो आपल्याला चहा पाजत असेल, 'जेवल्याबिगर जायचं न्हाय' म्हणत असेल, असं कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

तात्यांचं घर पळसदेवच्या अलीकडं, उजनीच्या पाण्यापासून फार लांब नाही. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तात्या ऊसवाले, गावात वजन असलेले, माणूस म्हणून मोकळे. गेल्या वर्षी जुनं घर पाडून त्यांनी स्लॅबचं बांधलं आणि एसी बसवायला मला बोलावलं. मी खोली बघितली आणि म्हणालो, पाईप मागच्या भिंतीतून काढू. मागं मोरी आहे, उतार सरळ आहे, अंतर कमी आहे.

"न्हाय," तात्या म्हणाले. "बोळाकडनं काढ."

"तात्या, तिकडं लांब पडतंय. वळण येतंय. तुंबंल."

"तुंबू दे. तुला बोलावू की. तेवढाच चहा हुईल."

बोळ म्हणजे तात्यांचं घर आणि त्यांच्या मयत भावाच्या बायकोचं, सुमनकाकूंचं घर, यांच्यामधली वाट. काकूंचं घर अजून पत्र्याचं. मागं त्यांचा गोठा, दोन म्हशी. म्हशी याच बोळातून बाहेर निघतात, कारण गोठ्याला दुसरीकडून वाटच नाही. दूध घालून काकूंचा संसार चालतो. हे सगळं मला दिसत होतं. पण मी भिंतीकडं बघत होतो.

बसवल्यावर काही आठवड्यांत फोन आला. एसी घरात गळतोय. बाहेर जाऊन बघतो तर पाईपच्या तोंडात काळी माती. मला ती माशीच वाटली. मी काढली, फुंकलं, चहा घेतला. पुन्हा फोन आला. या वेळी माती नव्हती, लुगड्याची चिंधी होती, बोटानं आत खोल सारलेली. तिसऱ्यांदा मक्याचं बुरकुंड, म्हणजे दाणे काढलेलं कणीस निघालं, इतकं घट्ट की पकडीनं ओढून काढावं लागलं. कुंभारीण माशी मका खात नाही, एवढं मला कळत होतं. मी तात्यांकडं बघितलं.

"कोण करतंय हे?"

"तू तुझं काम कर," तात्या हसून म्हणाले. "कुणाचा हात पोचणार न्हाय असं कायतरी कर. तू कारागीर हायस का कोण हायस?"

आता मला जे सांगायचंय ते सांगताना लाज वाटते, कारण ते काम मी फार मन लावून केलं. कुणाच्या लहरीनं माझं काम बिघडतंय, याचा मला राग आला होता. मी पाईप उंचावर नेला. हात पोचू नये म्हणून त्याला कोपर, म्हणजे काटकोनी जोड, बसवून बोळाच्या आत आडवा काढला. तोंडाला स्टीलची जाळी बसवली. तात्यांच्या नव्या रंगाच्या भिंतीवर ओघळ येऊ नयेत म्हणून धार चांगली लांब, बोळाच्या मध्याच्याही पलीकडं, काकूंच्या जोत्याजवळ पडेल असा उतार दिला. पाणी भिंतीला न लागता अगदी सुटं पडत होतं. उजनीच्या काठाला हवेत दमटपणा जास्त, त्यामुळं धारही चांगली पडते. मी खाली उभा राहून बघितलं आणि खूश झालो.

काकू तेव्हा दारात किटली घासत होत्या. त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडं. घासायचं थांबल्या.

त्यानंतर तक्रार आली नाही. पावसाळ्यात एकदा तात्यांचा फोन आला, सर्व्हिस करून जा. मी म्हटलं, आत्ता कशाला? हवा गार आहे. "ये तर खरं," म्हणाले.

गेलो तर बोळाच्या तोंडाशी खुर्च्या मांडलेल्या. गावातली चार मोठी माणसं बसलेली, त्यांतले सगळ्यांत वयस्कर आबा काठीवर हनुवटी टेकून. घरात कुणी नव्हतं, तरी एसी चालू. सकाळपासून चालू असावा, कारण बोळात पाण्याचं डबकं झालं होतं. तात्यांनी मला पुढं केलं.

"हा आपला मेकॅनिक. बाहेरचा माणूस. ह्यालाच इचारा."

त्यांतल्या एकानं विचारलं, "पाईप तू बसवला का?"

"व्हय."

"चालू पाईप हाय का नुसताच लावलाय?"

"चालू आहे."

"पाणी कुठं पडतंय, दाव बरं."

मी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून जागा दाखवली. चिखलात धारेनं खळगा केला होता, तिथं टोक ठेवलं. "इथं." एका पोक्त माणसानं तिथून फक्कीची पांढरी रेघ ओढली, बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. काकूंच्या जोत्यापासून ती रेघ हातभर लांब असेल.

काकू दारातूनच म्हणाल्या, "आबा, ह्यो पाईप आत्ता लावलाय. पयला न्हवता."

"पाईप नवा असंल," खुर्चीतला एक जण म्हणाला, "पाणी जुनंच असतंय की." आणि सगळे हसले. तात्या हसले. चहा आला. मला ठाऊक होतं की पाईप कधी लावला, का लावला, आणि माझ्या मते तो कुठं लावायला हवा होता. मला कुणी विचारलं नाही. मी चहा घेतला.

हे काय चाललंय ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, ही माझी बाजू. पण काकूंचं काहीतरी जातंय एवढं कळत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. खरं कारण वेगळं होतं. तात्यांच्या ओळखीवर मला त्या भागातली निम्मी गिऱ्हाइकं मिळालेली आहेत.

आबांना त्यांच्या वस्तीवर सोडायचं होतं. ते माझ्या मागं बसले. वाटेत मी विचारलं, ही रेघ कशाची?

"तू कुठला रं?"

"बारामतीचा. वसाहतीतला."

"मग तुला कसं ठावं असंल. पागोळी म्हंजी काय, म्हाईत हाय का?"

"पाऊस पडल्यावर पत्र्याच्या कडेनं पाणी पडतं, ती."

"हां. आमच्याकडं जुनी रीत हाय. ज्याच्या घराची पागोळी जितवर पडती, तितवर त्याची जागा. सुमनच्या पत्र्याची पागोळी बोळात पडती. तात्याचं जुनं घर व्हतं तवा त्याचीबी पडायची, भिताडाच्या बुडाशी. म्हंजी भिताडाकडची वीतभर तेवढी तात्याची, बाकीचा बोळ वयवाटीनं सुमनचा. आता तात्यानं स्लॅब घातला. स्लॅबला पागोळी नसती. त्याची वीतभरबी गेली. म्हणून त्यानं तुला बोलावला."

मला गाडी कडेला घ्यावी लागली.

"म्हणजे माझ्या पाईपची पागोळी केली तुम्ही?"

"आमी कशाला करतोय? तात्यानं केली. तू बांधून दिलीस."

"मग आता काय होणार?"

"त्या रेघंवर भिंत घालणार तो. पोराची गाडी मागं न्यायची हाय त्याला."

"आणि म्हशी?"

"शेरडू जाईल तितनं. गाभण म्हस न्हाय जायाची."

"आबा, तुम्हाला सगळं माहीत होतं. मग तुम्ही का नाही बोललात?"

"तात्या माझा साडू हाय. मी कसा बोलू? बाकीचे त्याच्या टॅक्टरवर नांगरट करून घेत्यात. आमी तोंडं बघत बसलो व्हतो, कोन बोलतंय म्हणून. तू बाहेरचा. तू बोलला असतास तर आमाला धरून चालता आलं असतं." मग त्यांनी काठीनं माझ्या शिडीवर टकटक केलं. "चल. लांब जायाचंय."

दुसऱ्या दिवशी मी इंदापुरात तहसीलला जाऊन विचारलं. तिथल्या कारकुनानं आधी ऐकून घेतलं, मग शेजारच्याला बोलावून पुन्हा सांगायला लावलं आणि दोघं पोट धरून हसले. कायद्यात असलं काही नाही, म्हणाला. मोजणी मागा, अर्ज करा. पण मोजणी होऊन निकाल लागेपर्यंत भिंत उभी राहील, आणि उभी राहिलेली भिंत पाडायला गावात कोण येतं? हेही त्यानंच सांगितलं, हसणं संपल्यावर.

मग मी काकूंकडं गेलो. त्या गोठ्यात धार काढत होत्या. मी दाराशी उभा राहून, चुकलं माझं, असं काहीतरी म्हणालो. हात थांबला नाही.

"तुझं काय चुकलं? पाईप गळत न्हाय. चांगलं काम हाय."

"मला कळलं नव्हतं, काकू."

"इतकी मोठी शिडी घिऊन आलास, येवढं वर चढलास. माजी म्हस त्या शिडीखालनं गेली तवा तू पाय वर घेतलास. ती कुठं जाती, हे तुला न्हाय दिसलं?"

मी मोटारसायकलवरच्या शिडीकडं बघितलं.

"मीच कोंबत व्हते," त्या म्हणाल्या. "माती, चिंधी, बुरकुंड. दिस उगवायच्या आत, चवड्यावर उभं राहून. माज्या दारात, माज्या बोळात, चोरासारखी. सासऱ्यानं त्या बोळात माझं माप ओलांडणं बघितलं, आन मी तितं चोरासारखी." धारेचा आवाज थोडा वेळ बंद झाला. "मला त्याची लाज वाटती. तू आनि तुझी लाज कशाला घिऊन आलास? दोन-दोन कुठं ठिऊ?"

ही बाई लाजत होती आणि तात्या नव्हते. माझ्या वडिलांच्या पत्रकांत असतं तर मी त्याच्याखाली जाड रेघ मारली असती. प्रत्यक्षात मी मान खाली घालून, म्हशीच्या पायांकडं बघत उभा होतो.

तिथूनच मी तात्यांकडं गेलो. म्हणालो, पाईप मागं फिरवून देतो, माझ्या खर्चानं. आणि पंचांना सांगणार आहे, की हा पाईप गेल्या वर्षी तुमच्या सांगण्यावरून बसवला, त्याच्या आधी तुमच्या घराचं थेंबभर पाणी बोळाच्या मध्यापर्यंत येत नव्हतं. तात्या चिडले नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली.

"सांग की. माझं काय म्हणणं न्हाय. पर कालच्याला सांगायचं व्हतं. आता म्हणतील, सुमननं ह्याला दूध पाजलं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, तू गुणी हायस. ह्यात पडू नगंस. चहा घे."

मी चहा घेतला नाही. एवढीच माझी बंडखोरी. त्यानंतर तात्यांच्या ओळखीतून मला एकही काम आलेलं नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. माझ्या गप्प बसण्याची किंमत काय होती ते त्यावरून कळतं, म्हणून सांगतो.

मी आबांना भेटलो, बाकीच्या तिघांनाही भेटलो. जे बसवलं ते सगळं लिहून, सही करून दिलं. आबांनी खटपट करून दिवाळीनंतर पुन्हा बैठक बसवायचं कबूल करून घेतलंय, तोवर भिंत घालायची नाही असं ठरलंय. पण त्यांनी मला बजावलंय, एकट्याच्या बोलण्यानं भागणार नाही. आणि तेही अशा माणसाच्या, जो एकदा त्याच जागी उभा राहून स्क्रूड्रायव्हरनं दुसरंच दाखवून गेलाय. बोळ कसा होता हे बघितलेली माणसं लागतील. गावातले बोलणार नाहीत. बाहेरची लागतील.

मी काकूंना विचारलं, असं कोण आहे? त्या हसल्या. पहिल्यांदाच हसताना बघितलं त्यांना.

"असं कोन म्हंजी? माज्या थोरलीच्या लग्नात मांडवात जागा पुरंना, म्हणून बोळात पंगत बसवली व्हती. माज्या जोत्याला पाठी लावून, एकेरी. वाढपी तात्या. मधनं बादली घिऊन फिरत व्हता, बुंदी वाढत. 'वयनी, बोळ तुझा मोठा हाय, अजून एक पंगत उठंल,' म्हनला व्हता. सगळ्यांनी ऐकलं."

"कोण होतं पंगतीत?"

"निम्मा तालुका व्हता. इंदापूरचे, बारामतीचे, नवऱ्या मुलाकडचे लोणी देवकरचे. नावं कशी सांगू? वाढायचं बघू का नावं बघू?"

हा दिवाळी अंक आमच्याच दोन तालुक्यांत वाचला जातो, हे मला माहीत आहे. संपादकांनी मला धंद्यातले गमतीदार अनुभव लिहायला सांगितले होते. त्यांनी हे छापलं, त्याबद्दल त्यांचे आभार. बाकीचं आता तुमच्याकडं आहे.

पळसदेवच्या अलीकडच्या एका लग्नात, पत्र्याच्या घराच्या जोत्याला पाठ लावून तुम्ही जेवला असाल, आणि एक मोकळा, हसरा माणूस तुम्हाला आग्रहानं बुंदी वाढत गेला असेल, तर दिवाळीनंतरच्या बैठकीला या. दिवस ठरला की इंदापुरात माझ्या गाळ्यावर पाटी लावून कळवतो. तिथं तुम्हाला कदाचित कुणी काही विचारणार नाही. मलाही विचारलं नव्हतं. तुम्ही उभे राहा, आणि कुठं बसून जेवलात ते सांगा.